ओतायचं की बोल्टाने बसवायचं? स्टॅटिक आणि शेअर्ड लायब्ररींचा हिशेब

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या पंपाच्या बॉडीचं ड्रॉइंग आलं की पॅटर्नवाला आधी विचारतो, हा फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची रुंद कड, बॉडीसोबतच ओतायचा की वेगळा करून बोल्टाने बसवायचा? एकजीव ओतला तर सांध्यातून गळायची भीती नाही, पण झिजला तर अख्खी बॉडी भंगारात. बोल्टाने बसवला तर बदलता येतो, पण मग गॅस्केट आली, बोल्ट आले आणि भलत्याच मापाचा फ्लँज आणून ठोकणारा फिटरही आला. लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा तयार कोड, स्टॅटिक जोडायची की शेअर्ड, हा प्रश्न मला कायम याच रूपात दिसत आलाय.

आमचं सॉफ्टवेअर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत हीट रजिस्टर सांभाळतं. भट्टीतून हीट, म्हणजे वितळलेल्या धातूचा एक घाणा, निघाली की स्पेक्ट्रोमीटरचा (धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट, काट्यावरचं वजन आणि लॅडलचा (धातू ओतायच्या भांड्याचा) नंबर एका नोंदीत जातो. शिफ्ट बदलताना त्याचा अहवाल निघतो. काट्याजवळ विंडोज, कोपऱ्यात सर्व्हर म्हणून ठेवलेली छोटी लिनक्स पेटी आणि मालकांच्या केबिनमध्ये मॅक. कोड एकच, सी प्लस प्लसमधला. सुरुवातीला मी ‘सगळं स्टॅटिक, एकच फाइल, कटकट नको’ असं ठरवून मोकळा झालो होतो. पुढे कळलं की हा निर्णय एकेका लायब्ररीचा असतो, अख्ख्या प्रोजेक्टचा नव्हे. वेग आणि मेमरीच्या आधी विचारायचं ते हे: उद्या या लायब्ररीत दोष निघाला तर ती कोण बदलणार, आणि कुठल्या मशीनसमोर बसून?

शब्दांचा एक घोळ आधीच सोडवून घेऊ. स्टॅटिक लायब्ररी म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींचं, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडच्या तुकड्यांचं गाठोडं. लिंकर (तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारं साधन) त्यातल्या लागतील तेवढ्याच फाइली उचलतो आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये मिसळतो. शेअर्ड लायब्ररी वेगळी फाइल म्हणून राहते आणि प्रोग्रॅम सुरू होताना लोडर ती शोधून जोडतो. लिनक्सवर स्टॅटिकला डॉट ए आणि शेअर्डला डॉट एसओ, मॅकवर डॉट ए आणि डॉट डायलिब. विंडोजवर शेअर्ड म्हणजे डॉट डीएलएल, पण तिच्यासोबत लिंकरसाठी जी छोटी इम्पोर्ट लायब्ररी येते तिलाही डॉट लिब म्हणतात आणि खऱ्या स्टॅटिक लायब्ररीलाही डॉट लिबच. नावावरून फरक कळत नाही. फोल्डरमध्ये डॉट लिब दिसली म्हणून ‘स्टॅटिक आहे’ असं समजू नका.

आधी यादी

कागद घ्या आणि प्रोजेक्ट वापरतो त्या सगळ्या लायब्ररी लिहा, तुमच्या लायब्ररींनी ओढून आणलेल्याही. प्रत्येकीसमोर चार गोष्टी लिहा: लायसन्स काय, सुरक्षेचे दोष किती वारंवार निघतात, ग्राहकाच्या मशीनवर ती आधीपासून असते का, आणि ती तुमच्या प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी वापरली जाते की अनेक ठिकाणी. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात. आमचं सगळ्यात महागडं दुखणं तिथूनच निघालं.

लायसन्स बरेचदा निम्मा निर्णय तिथेच करून टाकतं. आमचे स्क्रीन क्यूटी या स्क्रीन बनवायच्या लायब्ररीवर आहेत आणि आम्ही क्यूटी एलजीपीएल लायसन्सखाली वापरतो. त्यात ग्राहकाला ती लायब्ररी बदलून प्रोग्रॅम पुन्हा जोडता आला पाहिजे. शेअर्ड ठेवली तर हे आपोआप साधतं. स्टॅटिक जोडायची तर तुमच्या ऑब्जेक्ट फाइलीही द्याव्या लागतात, आणि बंद सोर्सचा धंदा करणाऱ्याला ते नको असतं. तेव्हा क्यूटी शेअर्ड, चर्चा संपली. जीपीएल या जास्त कडक लायसन्सचं मात्र वेगळं आहे. शेअर्ड जोडली म्हणून सुटका झाली असं धरून चालू नका, तिथे वकिलाला विचारा.

सुरक्षेचा रकाना भरताना दोन घटना आठवाव्यात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या नेटवर्कवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीमध्ये हार्टब्लीड नावाचा दोष निघाला. ज्यांचे प्रोग्रॅम सिस्टिमची शेअर्ड ओपनएसएसएल वापरत होते त्यांनी एक पॅकेज अपडेट केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केल्या आणि सर्टिफिकेट बदलायच्या कामाला लागले. ज्यांनी ती पोटात ओतून घेतली होती त्यांना प्रत्येक प्रोग्रॅम नव्याने बिल्ड करून पाठवावा लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रं वाचणाऱ्या लायब्ररीमध्ये दोष निघाला तेव्हा क्रोम, फायरफॉक्स आणि ती लायब्ररी आपापल्या पोटात बाळगणाऱ्या कितीतरी अ‍ॅप्सना वेगवेगळी नवी आवृत्ती काढावी लागली. म्हणून माझा नियम असा: बाहेरून आलेला डेटा वाचणारी किंवा नेटवर्कशी बोलणारी लायब्ररी, आणि ती ताजी ठेवणारं कोणी त्या मशीनवर असेल, तर शेअर्ड आणि सिस्टिमची. आमच्या लिनक्स पेटीवर ओपनएसएसएल अशीच आहे. विंडोजवर सिस्टिमची ओपनएसएसएल नसतेच, तिथे आम्हीच डीएलएल सोबत देतो. म्हणजे ती ताजी ठेवायची जबाबदारीही आमचीच, हे मान्य करून.

इथे एक भ्रम काढून टाकतो. ‘शेअर्डमुळे मेमरी वाचते’ हे पुस्तकात खरं आहे, कारण अनेक प्रोग्रॅम तीच फाइल वापरतात. पण तुमच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये तुम्हीच ठेवलेली डीएलएल दुसरं कोणी वापरत नसतं. ती नावालाच शेअर्ड. तिचा फायदा मेमरीत नाही, बदलता येण्यात आहे.

तो फायदा मला जुलै २०२१ मध्ये कळला. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं. मी राजारामपुरीत, कारखाना नदीपलीकडे. कारखान्यात पाणी नव्हतं, पण जायला रस्ता नव्हता. नवा काटा बसवल्यामुळे वजन वाचणारा भाग चुकत होता. तो भाग आम्ही वेगळी डीएलएल म्हणून ठेवला होता, जेमतेम चारशे केबीची. झिप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि सुपरवायझरला फोनवर सांगितलं, “प्रोग्रॅम बंद करा, जुनी फाइल दुसरीकडे ठेवा, ही तिथं टाका.” पाच मिनिटांत वजन येऊ लागलं. तेव्हापासून काटा, प्रिंटर, स्पेक्ट्रोमीटर असे यंत्रागणिक बदलणारे भाग आमच्याकडे शेअर्डच असतात.

तळाला हात लावू नका

ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची मूळ लायब्ररी स्टॅटिक जोडायचा मोह टाळा. मॅकवर अ‍ॅपल त्याला पाठिंबाच देत नाही. लिनक्सवर जीलिबसी, म्हणजे तिथली मूळ सी लायब्ररी, स्टॅटिक जोडता येते, पण सर्व्हरचं नाव शोधणारं फंक्शन वापरलं की लिंकर इशारा देतो: चालवताना त्याच आवृत्तीची शेअर्ड जीलिबसी लागेल. म्हणजे ओतूनही बोल्ट सुटले नाहीत. खरोखर एकच फाइल हवी असेल तर अल्पाइन लिनक्सवर मसल (जीलिबसीच्या जागी वापरली जाणारी मूळ लायब्ररी) वापरून बिल्ड करा, पण मग बाकीच्या सगळ्या लायब्ररीही मसलवरच बिल्ड केलेल्या हव्यात.

विंडोज: रनटाइम कुणाचा?

विंडोजवर सी रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅमला चालताना लागणारी मूळ सी लायब्ररी, एमडी पद्धतीने, म्हणजे डीएलएल म्हणून घ्यायचा की एमटी पद्धतीने पोटात, हे प्रत्येक लायब्ररीसाठी सारखंच असावं लागतं. मिसळ झाली तर लिंकर ‘रनटाइम लायब्ररी’ जुळत नाही म्हणून एलएनके २०३८ एरर देतो. ती एरर आली तर आनंद माना. वाईट प्रकार तो, जिथे एररच येत नाही.

स्पेक्ट्रोमीटरसोबत आलेल्या एका डीएलएलमध्ये असंच झालं. तिचं फंक्शन रिझल्टची स्ट्रिंग स्वतः मेमरी घेऊन परत द्यायचं आणि ती मोकळी आमचा कोड करायचा. त्या डीएलएलच्या पोटात तिचा स्वतःचा रनटाइम होता, म्हणजे तिचा हीप (मेमरीचा साठा) वेगळा, आमचा वेगळा. एकाच्या हीपमधून घेतलेली मेमरी दुसऱ्याच्या हीपला परत केली की प्रोग्रॅम कोसळतो, आणि तोही लगेच नाही, तीन-चार रिझल्टनंतर. उपाय साधा आहे: ज्याने मेमरी घेतली त्यानेच ती मोकळी करायची. डीएलएलच्या सीमेवर मोकळं करणारं वेगळं फंक्शन द्या, आणि सी प्लस प्लसची स्ट्रिंग किंवा व्हेक्टर त्या सीमेवरून पलीकडे पाठवू नका. सीमा सी भाषेचीच असू द्या.

आम्ही एमडी निवडलं. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ ते २०२२ चे रनटाइम एकमेकांशी जुळतात, फक्त मशीनवरचा रनटाइम बिल्डच्या इतकाच किंवा त्याहून नवा हवा. कारखान्यातल्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, ही शिरोलीतली नेहमीची स्थिती. म्हणून रिडिस्ट्रिब्युटेबल (रनटाइमचं मायक्रोसॉफ्टचं पॅकेज) इन्स्टॉल करायच्या ऐवजी रनटाइमच्या डीएलएल आम्ही प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्येच ठेवतो. त्यातला युनिव्हर्सल सी रनटाइम हा भाग विंडोज १० पासून सिस्टिममध्येच असतो. विंडोज ७ वर तो वेगळ्या अपडेटने येतो, आणि स्पेक्ट्रोमीटरला जोडलेल्या मशीन अजूनही विंडोज ७ च्या सापडतात, हे विसरू नका. आणि कृपा करून डीएलएल सिस्टिम ३२ फोल्डरमध्ये टाकू नका. विंडोज आधी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बघतं, तेवढं पुरेसं आहे.

लिनक्स: जुन्या घरात बिल्ड करा

विंडोजवरून आलेला माणूस लिनक्सवर पहिल्यांदा इथेच अडखळतो: लिनक्सचा लोडर प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये आपणहून बघत नाही. त्याला आरपाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममध्येच कोरलेल्या शोधायच्या पत्त्यात, सांगावं लागतं. तिथे डॉलर चिन्ह लावून ‘ओरिजिन’ लिहिलं की त्याचा अर्थ ‘ही फाइल जिथे आहे तो फोल्डर’. पण हल्ली बहुतेक लिनक्सवर लिंकर आरपाथच्या जागी रनपाथ लिहितो, आणि रनपाथ लायब्ररीच्या लायब्ररीला लागू होत नाही. म्हणून सोबत दिलेल्या प्रत्येक डॉट एसओमध्येही तोच ओरिजिन घाला. मेकफाइल किंवा शेल स्क्रिप्टमध्ये लिहीत असाल तर डॉलर चिन्ह शेल खाणार नाही याची काळजी घ्या. एक पूर्ण संध्याकाळ माझी त्यात गेली आहे.

दुसरी अडचण आवृत्तीची. उबंटू लिनक्स २२.०४ वर जीलिबसी २.३५ आहे, २०.०४ वर २.३१. माझ्या लॅपटॉपवर बिल्ड केलेला प्रोग्रॅम ग्राहकाच्या पेटीवर ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ म्हणून बंद. आम्ही २.३४ मधलं काहीच खास वापरलं नव्हतं. पण त्या आवृत्तीत प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या मूळ फंक्शनलाच नवी आवृत्ती मिळाली, त्यामुळे दोन ओळींचा प्रोग्रॅमही अडतो. उलटं मात्र चालतं: जुन्या जीलिबसीवर बिल्ड केलेलं नव्यावर धावतं. म्हणून ग्राहकांकडे सगळ्यात जुनं जे लिनक्स असेल त्याच्या कंटेनरमध्ये (आपल्याच मशीनवरच्या बंदिस्त कप्प्यात) बिल्ड करा. जुन्या घरात नवा कंपायलर वापरायचा असेल तर सी प्लस प्लसची मानक लायब्ररी तेवढी स्टॅटिक जोडता येते, जीसीसी कंपायलरचं लायसन्स त्याला मोकळीक देतं.

एका म्यानात दोन तलवारी

आता चौथ्या रकान्याकडे. एके सकाळी साडेसातला मेल्टिंगच्या सुपरवायझरचा फोन आला. “दादा, रात्रीच्या चार हिटा दिसंनात. आणि पेटी म्हणत्या, डेटाबेस मालफॉर्म्ड हाय.” बॅकअप होता म्हणून निभावलं. आठवड्याने पुन्हा तेच. वीज गेली असेल, डिस्क खराब असेल, असं म्हणत आम्ही यूपीएस बदलला, डिस्क बदलली. विंडोजवर मात्र हाच कोड महिनोन्‌महिने बिनबोभाट चालत होता.

तीन आठवड्यांनी लक्षात आलं की बिघाड नेहमी शिफ्ट बदलताना होतो, म्हणजे अहवाल निघताना. अहवालाचा भाग हा प्लगइन, वेगळी डॉट एसओ. मुख्य प्रोग्रॅममध्ये एसक्यूलाइट ही डेटाबेसची लायब्ररी स्टॅटिक जोडलेली आणि प्लगइनमध्येही तिची स्वतःची स्टॅटिक प्रत. एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच चालू प्रोग्रॅममध्ये, एसक्यूलाइट दोनदा, आणि दोघीही तीच फाइल उघडणाऱ्या.

लिनक्सवर एसक्यूलाइट फाइलीला जी लॉक लावते (एका वेळी एकानेच लिहावं म्हणून) ती प्रोसेसच्या नावावर असतात. प्रोसेसमधल्या कुणीही ती फाइल एकदा बंद केली की त्या फाइलीवरची त्या प्रोसेसची सगळी लॉक सुटतात, दुसऱ्या कुणी घेतलेलीही. एसक्यूलाइटला हे माहीत आहे, म्हणून ती उघड्या फाइलींची आपली यादी ठेवते आणि लॉक असताना फाइल बंद करायचं पुढे ढकलते. पण दोन प्रतींच्या दोन याद्या, एकीला दुसरीचा पत्ता नाही. प्लगइनने अहवाल काढून फाइल बंद केली की हीट लिहिणाऱ्या भागाची लॉक हवेत. त्याच क्षणी काट्याचं वजन नोंदवणारी सर्व्हिस, ती वेगळी प्रोसेस, मोकळं कुलूप बघून लिहायला घुसायची. विंडोजवर लॉक हँडलच्या, म्हणजे फाइल ज्या उघडणीतून उघडली तिच्या, नावावर असतात, म्हणून तिथे हा धोकाच नाही. एसक्यूलाइटच्या स्वतःच्या दस्तऐवजात हा धोका स्पष्ट लिहिलेला आहे. आम्ही तो वाचला नव्हता, एवढंच.

तेव्हा नियम: मुख्य प्रोग्रॅम आणि प्लगइन दोघांनाही लागणारी, स्वतःची काही स्थिती सांभाळणारी लायब्ररी एकच शेअर्ड प्रत म्हणून ठेवा. डेटाबेस, लॉगिंग, सेटिंग्ज हे सगळे यात आले. फक्त आकडेमोड करणारी, स्थिती नसलेली लायब्ररी दोनदा ओतली गेली तरी नुकसान फाइलीच्या आकाराचंच. आणि एखादी लायब्ररी डॉट एसओच्या पोटात स्टॅटिक घालायचीच असेल तर तिची नावं बाहेर दिसू देऊ नका. कंपायलरला व्हिजिबिलिटी हिडन सांगा आणि लिंकरला ‘एक्स्क्लूड लिब्स’. लिनक्सवर सगळी नावं एकाच मैदानात असतात, कुणाचं फंक्शन कुणाच्या गळ्यात पडेल सांगता येत नाही. विंडोज आणि मॅकवर प्रत्येक नावासोबत कुठल्या लायब्ररीचं तेही नोंदलेलं असतं, त्यामुळे तिथे हा त्रास कमी.

मॅक, थोडक्यात

मालकांच्या केबिनमधल्या मॅकसाठी दोनच गोष्टी सांगतो. होमब्रूमधून (मॅकवर लायब्ररी आणून देणाऱ्या साधनातून) घेतलेल्या डायलिबमध्ये तिचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. तो ‘अ‍ॅट आरपाथ’ने सुरू होणारा करून घ्या, नाहीतर अ‍ॅप फक्त तुमच्याच मशीनवर चालेल. आणि पत्ता बदलला की फाइलीवरची डिजिटल सही बाद होते. अ‍ॅपल सिलिकॉनवर सही नसलेला कोड चालतच नाही, म्हणून आधी सगळे पत्ते बदला, सही शेवटी.

बिल्ड फाइलमध्ये

सीमेक या बिल्ड करवून घेणाऱ्या साधनात स्वतःची लायब्ररी जाहीर करताना तिथेच स्टॅटिक किंवा शेअर्ड लिहू नका, ते मोकळं ठेवा. मग ‘बिल्ड शेअर्ड लिब्स’ या एका स्विचने दोन्ही प्रकार निघतात आणि प्लॅटफॉर्मनुसार फिरवता येतं. अपवाद तेवढे स्पष्ट लिहा: प्लगइन नेहमी मॉड्यूल, डेटाबेसची लायब्ररी नेहमी शेअर्ड. विंडोजसाठी एक्स्पोर्टचा मॅक्रो हाताने न लिहिता सीमेकलाच बनवू द्या. पीआयसी पर्याय (मेमरीत कुठेही ठेवला तरी चालणारा कोड बनवणारा) सगळीकडे चालू ठेवा, नाहीतर स्टॅटिक लायब्ररी डॉट एसओमध्ये घालताना लिनक्सचा लिंकर ‘पीआयसी लावून पुन्हा कंपाइल करा’ म्हणून अडेल. रनटाइम एमडी की एमटी तेही सीमेक ३.१५ पासून एकाच ठिकाणी सांगता येतं.

व्हीसीपीकेजी हे लायब्ररी आणून बिल्ड करणारं साधन वापरत असाल तर सावध: त्याचा मूळ पर्याय विंडोजवर डीएलएल देतो आणि लिनक्सवर स्टॅटिक. यादी तीच, पण दोन मशीनवर दोन वेगळे प्रोग्रॅम तयार होतात. आमच्या दोन एसक्यूलाइटांचा उगम इथलाच. ट्रिपलेट (कुठल्या प्लॅटफॉर्मसाठी, स्टॅटिक की शेअर्ड हे सांगणारी त्याची सेटिंग) स्वतः लिहा, आपोआप मिळेल त्यावर विसंबू नका.

स्टॅटिक करताना आणखी एक चकवा आहे. एखादी फाइल स्वतःहून नोंदणी करणारी असेल, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताच ‘मी अमुक प्रिंटरचा ड्रायव्हर’ असं यादीत स्वतःला घालणारी, आणि दुसरं कुणी तिला नावाने हाक मारत नसेल, तर लिंकर ती गाठोड्यातून उचलतच नाही. बिल्ड हिरवा, एरर नाही, आणि ग्राहकाकडे ‘प्रिंटर सापडला नाही’. अशा फाइलींना लिंकरकडून ‘होल आर्काइव्ह’ने सक्तीने उचलून घ्या, किंवा सीमेकची ऑब्जेक्ट लायब्ररी वापरा. जीएनयू लिंकरला क्रमही लागतो: मागणारी लायब्ररी आधी, पुरवणारी नंतर.

पाठवण्याआधी

प्रोग्रॅमला कुठल्या शेअर्ड लायब्ररी लागतात ते सांगणारी साधनं: लिनक्सवर एलडीडी, विंडोजवर डम्पबिनचा डिपेंडंट्स पर्याय, मॅकवर ओटूल. प्रत्येक बिल्डनंतर यांची यादी काढून ती आधीच ठरवलेल्या यादीशी स्क्रिप्टनेच ताडून घ्या. नवं नाव दिसलं की बिल्ड लाल. यादीतून एखादं नाव गायब झालं तरीही लाल, कारण याचा अर्थ कोणीतरी ती लायब्ररी गुपचूप पोटात ओतली. मग डेव्हलपमेंटचं काहीही न घातलेल्या कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर प्रोग्रॅम उघडा. स्वतःच्या लॅपटॉपवर चाललं याला काही अर्थ नाही, तिथे सगळंच असतं.

शेवटचं काम ‘अबाउट’च्या खिडकीतलं. पोटात ओतलेल्या आणि सोबत दिलेल्या, दोन्ही प्रकारच्या लायब्ररींची आवृत्ती तिथे छापा, आणि ती बिल्ड फाइलीतून उचलू नका, चालू असताना लायब्ररीलाच विचारा. प्लगइन असतील तर प्रत्येक प्लगइनला वेगळं विचारा. आमच्या खिडकीत आता एसक्यूलाइटच्या आवृत्तीपुढे ती कुठल्या फाइलीतून आली त्याचा पत्ताही दिसतो. सकाळी फोन आला की मी आधी तेवढंच वाचून दाखवायला सांगतो.